निब अक्षराला शोभली पाहिजे



सोलापुरात नव्या पेठेतल्या दुकानात शाईचं पेन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कोऱ्या कागदावर आधी काय लिहितं? बहुधा ‘श्री’, आणि त्याखाली आपली सही. दोन्ही झोकात उमटतात, पेन खोक्यात जातं. घरी रेघांच्या वहीत पानभर लिहायला बसलं की गंमत कळते. ‘ध’ची गाठ शाईने बुजते, ‘भ’ आणि ‘म’ ओळखू येत नाहीत, उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत जाऊन अडकतो. पेनात काहीच खोट नसते. निब सहीची घेतलेली असते आणि काम लिखाणाचं असतं.

निबेची नेहमीची मापं चार: एक्स्ट्रा फाइन, फाइन, मीडियम आणि ब्रॉड. ढोबळ मानाने युरोपीय फाइनची रेघ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, मीडियमची पाऊण आणि ब्रॉडची एक मिलिमीटर. मात्र या मापांना सगळ्या कंपन्या बांधलेल्या नाहीत. पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी कंपन्यांची फाइन निब जर्मन पेलिकनच्या फाइनहून साधारण एका मापाने बारीक असते. जपानी माणसाला चिमुकल्या चौकोनात दहा-पंधरा फराट्यांचं एकेक अक्षर बसवायचं असतं. त्याच्या लिपीने निब बारीक करून घेतली.

मग सोलापूरकराने काय करावं? इथे तर एका शहरात चार लिप्या नांदतात. महापालिकेच्या शाळा मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही माध्यमांच्या आहेत.

देवनागरीला जागा लागते ती उभ्या दिशेने. वर रफार, मात्रा, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. मध्ये जोडाक्षरांची गर्दी. म्हणून दुकानात ‘श्री’ऐवजी ‘धृष्टद्युम्न’ लिहून पाहावं, तेही नेहमीच्या अक्षराच्या आकारात, रेघांच्या कागदावर. प्रत्येक गाठीच्या पोटात पांढरा कागद दिसला तर निब जमली. बारीक अक्षराच्या माणसाला युरोपीय फाइन किंवा जपानी मीडियम बहुधा पुरते. टपोरं अक्षर असेल तर युरोपीय मीडियम खुशाल घ्यावी.

तेलुगू आणि कन्नडची गोष्ट वेगळी. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने आडवी सरळ रेघ ओढली तर पान चिरतं, म्हणून ही अक्षरं गोलावली, असं लिपीचे अभ्यासक सांगतात. पद्मशाली विणकरांच्या घरातला तेलुगू हिशेब असो की अक्कलकोटकडचं कन्नड पत्र, हात सतत वळत असतो. इथे निब गुळगुळीत फिरली पाहिजे. फार बारीक टोक वळणावर कागदाला टोचतं आणि तंतू उचकटतं. उर्दूच्या नस्तालिकमध्ये तर अक्षराचं मापच कलमाच्या रुंदीच्या ठिपक्यांनी मोजतात. तो जाड-बारीकपणा गोल टोकाच्या निबेतून येत नाही, त्याला चपट्या कापाची निब लागते.

बोरूसारखं देवनागरी अक्षर हवं म्हणून कुणी महागडी इटॅलिक निब घेतो आणि हिरमुसतो. ती रोमन अक्षरासाठी कापलेली असते. देवनागरीसाठी बोरूचा काप उलट्या दिशेने तिरका देतात, त्यामुळे इटॅलिक निबेची जाड रेघ भलतीकडे पडते.

सोन्याच्या निबेचं आकर्षण मोठं. १४ कॅरेटच्या निबेत सोनं ५८.५ टक्के, १८ कॅरेटच्या निबेत ७५ टक्के. पण कागदाला टेकतो तो टोकावरचा बारीक मणी सोन्याचा नसतो. सोनं लवकर झिजून जाईल. तो इरिडियम, ऑस्मियम, रुथेनियम अशा कठीण धातूंच्या मिश्रणाचा असतो. रेघेची जाडी त्या मण्याच्या आकारावर ठरते. माँ ब्लाँ कंपनीच्या निबेवर कोरलेला ४८१० हा आकडाही मापाचा नव्हे. ती आल्प्समधल्या त्याच नावाच्या शिखराची पूर्वी मानली जाणारी मीटरमधली उंची आहे.

हवेचाही विचार करावा. कोकणात पावसाळ्यात कागद ओल धरतो, ब्रॉड निबेची शाई फुटते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तीच शाई झटपट वाळते. उलट टोपण उघडं राहिलं तर एक्स्ट्रा फाइन निब आधी रुसते. अर्धवट भरलेलं पेन तापलं की आतली हवा फुगून टोपणात शाई सांडते, म्हणून खिशात निब वरच्या बाजूला हवी.

दोन मापांत मन अडकलंच, तर जाड घ्यावी. कुशल कारागीर मीडियम घासून फाइन करून देतो. फाइनची मीडियम करायची तर टोकावर नवा मणी जोडावा लागतो, आणि ते काम फार थोडे जण करतात. मात्र निब घासली की कंपनीची हमी सहसा संपते. म्हणून नेहमीची वही आणि नेहमीची शाई बरोबर घेऊनच दुकानाची पायरी चढावी, आणि पानभर लिहिल्याशिवाय बिल करू नये.