पंचाची शिट्टी आणि बायकांचा फुटबॉल



सातवीपर्यंत शिकलेल्या एका कामगार कार्यकर्त्याने या व्यासपीठावरून फुटबॉलच्या पंचगिरीविषयी बोलावे, आणि तेही बायकांच्या फुटबॉलविषयी, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मला ते वाटत नाही. नियम कोणी केला, तो कोणाला लावला आणि लावताना कोणाच्या बाबतीत हात आखडला, हे पाहण्यातच माझा जन्म गेला आहे. शिवाय भातकापणीनंतर आपल्याकडे मळ्यांत सामने होतात. तिथे दुसरा कोणी मिळत नाही म्हणून माझ्या गळ्यात शिट्टीही पुष्कळ वर्षे अडकलेली आहे.

मला हमेशा विचारतात की पुरुषांचा सामना आणि बायकांचा सामना यांत पंचाला काय फरक करावा लागतो? पुस्तकाप्रमाणे पाहाल तर काहीच नाही. नियम सतराच, चेंडू तोच पाच नंबरचा, वेळ तीच पंचेचाळीस अधिक पंचेचाळीस. पण ही बरोबरी पहिल्यापासून नव्हती. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९९१ साली चीनमध्ये झाली, तेव्हा त्यांचे सामने ऐंशी मिनिटांचे ठेवले होते. दहा मिनिटे कशासाठी कापली? नव्वद मिनिटे बायकांना झेपणार नाहीत, या समजुतीने. ज्यांनी ही काळजी वाहिली त्यांनी लावणीच्या दिवसांत आपल्याकडच्या बाईला चिखलात सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकलेली पाहिली नसावी.

याहून बोलकी गोष्ट नियमांच्या पुस्तकातलीच आहे. त्यात वर्षानुवर्षे एक टीप छापली जात होती. सोळा वर्षांखालील मुले, बायका, पस्तिशी उलटलेले खेळाडू आणि अपंग खेळाडू यांच्या सामन्यांत संघटनेची संमती असल्यास मैदान, चेंडू, गोल, वेळ यांत फेरफार करता येईल, असे ती सांगे. ही यादी पुन्हा एकदा मनात घोळवून पाहा. पोरे, म्हातारे, अधू आणि बायका! भर उमेदीतली, रोज सराव करणारी बाई या पंगतीत कशी येऊन बसली? २०१७ च्या आवृत्तीत तिचे नाव या यादीतून काढले गेले. म्हणजे पुस्तकातली ही बरोबरी अजून पुरती पंचविशीचीही झालेली नाही.

मला ही जोडी ओळखीची वाटली, कारण आमच्या कायद्यातही ती होती. १९४८ च्या कारखाना कायद्याचे सत्ताविसावे कलम कापूस पिंजणाऱ्या यंत्राविषयी होते. त्या भागात ‘स्त्री आणि मूल’ यांना कामाला लावू नये, असे ते सांगे. त्यामागे दुष्ट हेतू होता असे मी म्हणणार नाही. यंत्रात हात जाऊ नये हीच इच्छा होती. पण संरक्षण म्हणून जे दिले जाते तेच पुढे मजुरी कमी ठरवायला कामी येते, हे मी काजूच्या एका कारखान्यात डोळ्यांनी पाहिले आहे. बी फोडणे, सोलणे, निवडणे ही बायकांची कामे, म्हणून ती ‘हलकी’, म्हणून त्यांचा दर हलका. टरफलाच्या तेलाने बोटे काळी पडतात, कातडी निघते, तरी काम हलकेच! तेव्हा एखाद्या कामाला हलके म्हणणारा माणूस भेटला की ते काम कोण करते, हे मी आधी विचारतो.

आता मैदानात या. नियम एक असले तरी खेळणाऱ्यांच्या सवयी एक नाहीत, आणि पंचाला सवयींशी वागावे लागते. अमेरिकेतील डॉक्टरांनी २०११ साली एक मोजदाद प्रसिद्ध केली. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या चित्रफिती पाहून खेळाडू किती वेळा दुखापत झाल्यासारखे आडवे पडतात, हे त्यांनी मोजले. पुरुषांच्या सामन्यात सरासरी अकराहून थोडे अधिक वेळा, बायकांच्या सामन्यात सहालाही कमी! आणि जे पडले त्यांपैकी खरोखर रक्त आले किंवा पाच मिनिटांच्या आत मैदान सोडावे लागले असे पुरुषांत शंभरात सात, बायकांत चौदाच्या आसपास. व्यवहारात याचा अर्थ उघड आहे. पुरुष लोळू लागला तर पंचाने क्षणभर थांबून पाहिले तरी चालते. बाई पडली आणि उठली नाही तर तिच्याकडे धावत जावे. आपल्याकडच्या मळ्यात माझा अनुभव याहून वेगळा नाही. पोरगी पडते, फ्रॉकची किंवा चड्डीची माती झाडते आणि चेंडू कुठे गेला ते बघते. पोरगा पडला की आधी माझ्याकडे बघतो.

बायकांच्या सामन्यात आपल्या बाप्या पंचांकडून जी चूक हटकून होते ती नेमकी उलट जातीची असते. खांद्याला खांदा लागला की शिट्टी! बिचाऱ्या बायका, लागेल त्यांना! नियमाने खांद्याची धडक रास्त असताना ही दया दाखवली की खेळ दर अर्ध्या मिनिटाला थांबतो, आणि मग प्रेक्षक म्हणतात, “बायकांचो खेळ तो, तेच्यात काय बघूचा आसा?” खेळ मोडला पंचाने, आणि बोल मात्र बायकांना.

बाईने पंच व्हावे हा पुढचा प्रश्न. १९९१ च्या त्याच स्पर्धेत ब्राझीलच्या क्लॉडिया वास्कोन्सेलोस यांनी तिसऱ्या क्रमांकाचा सामना चालवला. १९९५ चा अंतिम सामना स्वीडनच्या इंग्रिड योन्सन यांनी. १९९९ साली तर सगळ्याच पंच आणि रेषापंच बायका होत्या. पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत शिट्टी बाईच्या हाती यायला मात्र २०२२ साल उजाडावे लागले. १ डिसेंबरला कतारमध्ये कोस्टा रिका विरुद्ध जर्मनी हा सामना फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार यांनी चालवला, आणि दोन्ही रेषांवर ब्राझीलच्या न्यूझा बाक व मेक्सिकोच्या करेन दियास होत्या. इतके लांब कशाला? पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. तिथल्या उवेना फर्नांडिस २०१६ साली जॉर्डनमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेत रेषापंच म्हणून उभ्या होत्या. आपल्या दशावतारात पुरुष शालू नेसून द्रौपदी होतो आणि आपण रात्रभर माना डोलावतो. बाईने शिट्टी फुंकली की मात्र आपली मान अवघडते. हे कोडे मला सुटलेले नाही.

पण मला खरी बोच आहे ती निराळ्या ठिकाणी. नवा नियम, नवी सक्ती आधी कोणावर अजमावतात? २०१९ च्या १ जूनपासून पेनल्टीच्या वेळी गोलरक्षकाचा निदान एक पाय रेषेवर हवा, असा बदल अमलात आला, आणि आठवड्याच्या आत फ्रान्समध्ये बायकांची जागतिक स्पर्धा सुरू झाली. सराव करायला सवड कुठली? नायजेरियाविरुद्ध फ्रान्सची पेनल्टी खांबाला लागून बाहेर गेली; चित्रफीत पाहून ती पुन्हा मारायला लावली आणि त्या गोलावर नायजेरिया हरली. स्कॉटलंडच्या गोलरक्षक बाईने जादा वेळेत पेनल्टी अडवली. ती पुन्हा मारली गेली, गोल झाला आणि स्कॉटलंड घरी गेले. त्याच वर्षी इंग्लंडमधील पुरुषांच्या प्रीमियर लीगने जाहीर केले की, गोलरक्षकाच्या पायासाठी आम्ही चित्रफीत वापरणार नाही. कायदा एकच, पण कडक हात कोणासाठी आणि सैल हात कोणासाठी, हे आपणच पाहा. २०११ च्या जूनमध्ये अम्मानला इराणच्या बायकांना तर डोक्यावरच्या वस्त्रापायी ऑलिंपिकच्या पात्रता सामन्यात खेळूच दिले नाही. तो पोशाख नियमात बसवायला २०१४ साल लागले. त्या बायकांचे ऑलिंपिक तोवर गेले होते.

मैदानावरच्या पंचाला मी यात दोष देत नाही. तो आमच्या मुकादमासारखा असतो. वरून आलेला कागद तो वाचतो, आणि शिव्या त्याला बसतात. म्हणून माझे म्हणणे असे की बायका नुसत्या शिट्टी फुंकायला नकोत, कागद लिहिणाऱ्यांतही हव्यात.

ज्या मुलींना या वाटेने जायचे असेल त्यांच्यासाठी हिशेब सांगतो. आंतरराष्ट्रीय पंचाला आधी चाळीस मीटर सहा वेळा धावावे लागते, पुरुषाने दर वेळी सहा सेकंदांत, बाईने सहा पूर्णांक चार दशांश सेकंदांत. नंतर पंचाहत्तर मीटर धाव आणि पंचवीस मीटर चाल, असे चाळीस वेळा. एकूण चार किलोमीटर. पुरुषांच्या मोठ्या सामन्यात उतरू पाहणाऱ्या बाईला पुरुषांच्याच वेळा गाठाव्या लागतात, तिथे सवलत नाही, आणि ती मागणारी पंच अजून मला दिसलेली नाही. या सरावाला मोठे क्रीडांगण लागत नाही. शंभर मीटर सपाट जागा, एक फीत, चुन्याची एक पिशवी आणि सेकंद दाखवणारे घड्याळ एवढे पुरते. आपल्या गावात जागा आहे, चुना मिळतो. संध्याकाळी पाच ते सात ती जागा मुलग्यांच्या क्रिकेटने अडवलेली असते, तेवढी आठवड्यातून तीन दिवस मोकळी करून देण्याचे येथे बसलेल्या वडीलमंडळींनी मनावर घ्यावे. फीत मी आणीन.