तो मालवणचा फोटो

(१९८५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहसंमेलनात, नागपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून तर्री-पोहा, चहा आणि चाळीस वर्षांच्या गप्पा पोटात गेल्यावर भाषण ऐकायची कोणाची इच्छा नसते, हे मला ठाऊक आहे. पण जानेवारीत आपल्या बॅचची सहल मालवणला जाते आहे आणि मी गेल्या फेब्रुवारीतच तिथे जाऊन आलो, म्हणून संयोजकांनी दहा मिनिटं दिली. 'गाडी कोणती, राहायचं कुठे, पाहायचं काय, एवढं सांग आणि बस,' असा त्यांचा हुकूम आहे. तेवढं सांगतोच. पण त्यानंतर एक कबुलीही द्यायची आहे, ती ऐकून घ्या.

आधी गाडी. रेल्वेनं कुडाळला उतरायचं आणि तिथून रस्त्यानं मालवण. प्रवास लांबचा आहे, राजेहो. रात्र गाडीत जाते, पत्त्यांचा डाव सोबत ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, कारण तेव्हा समुद्र शांत असतो आणि पाण्यातलं त्यातल्या त्यात बरं दिसतं. पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंदच असतात.

आपण नागपूरची माणसं. झिरो माइलजवळ वाढलो, म्हणजे कुठल्याही दिशेला निघालो तरी समुद्र दूरच. आपला समुद्र म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा. त्यामुळे मालवणच्या धक्क्यावर उभं राहून समोर पाण्यात तटबंदी दिसली तेव्हा मी काही क्षण गप्पच झालो. बायको म्हणाली, "तुम्हाला गप्प करणारी एक तरी जागा सापडली."

ते बेट म्हणजे कुरटे. धक्क्यावरून होडीनं काही मिनिटांचं अंतर. सारं बेट मिळून ४८ एकर. त्यावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला सिंधुदुर्गाची पायाभरणी केली आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. तट जवळजवळ तीन किलोमीटर, नागमोडी. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा तिथे दाखवतात. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिरही आतच आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जे मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत हा आहे. इतिहासाच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून सनावळी पाठ करून आलो.

किल्ला सगळे पाहतात. पण तटाच्या बाहेर, पाण्याखाली जे आहे, ते मला आधी माहीतच नव्हतं. किल्ल्याभोवतीच्या आणि शेजारच्या पद्मगडाजवळच्या खडकांवर प्रवाळ आहे. १९८७ मध्ये सरकारनं इथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभ्याचा भाग ३ चौरस किलोमीटरच्या थोडा वर. आपल्या ताडोबाशी तुलना केली तर हे म्हणजे अंगण. पण त्या अंगणात काय काय राहतं!

मी पोहू शकत नाही. तरी कमरेला हवेची ट्यूब, डोळ्यांवर काच, तोंडात नळी, अशा थाटात पाण्यात उतरलो. पहिली दोन मिनिटं नाकातोंडात खारं पाणी. मग मान खाली घातली आणि बाप्पा! काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा माझ्या पोटाखालून गेला. खडकाच्या कपारीतून एक निळसर मासा डोकं काढून बघत होता. कुठे तपकिरी घुमट, कुठे कोबीच्या पानासारखे पसरलेले थर, कुठे हलणारी फुलं. अंदमानसारखं काचेसारखं पाणी इथे नसतं, थोडं धूसरच असतं. त्यामुळे प्रत्येक गोष्ट अचानक समोर येते.

आता कबुली.

आमच्यासोबतचा पोरगा वीस-बावीस वर्षांचा, मोठा चपळ. त्यानं ब्रेडचा चुरा पाण्यात सोडला, मासे माझ्या तोंडाभोवती गोळा झाले. मग तो म्हणाला, "काका, फोटोसाठी त्या दगडावर उभे राहा, स्थिर येतो." मी उभा राहिलो. तोल जायला लागला म्हणून बाजूच्या एका पसरट थराची कड धरली. ती कट्कन माझ्या हातात आली. बिस्किटासारखी. मी दचकलो, तो हसला आणि तुकडा पाण्यात टाकून दिला. फोटो मात्र फारच सुंदर आला. तोच मी आपल्या ग्रुपवर टाकला होता. तुम्ही अंगठे दाखवलेत, हृदयं पाठवलीत, एकानं 'विदर्भाचा मत्स्यावतार' असंही लिहिलं.

संध्याकाळी आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या घरातल्या आजोबांना मी कौतुकानं फोटो दाखवला. जन्म रापणीत गेलेला माणूस. रापण म्हणजे होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी सगळ्यांनी मिळून ओढायचं. जे मिळेल त्यात ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. त्यांनी चष्मा लावला, फोटो जवळ नेला आणि विचारलं, "पाय खंय ठेवलात ह्यो?"

मी म्हटलं, "दगडावर."

ते म्हणाले, "ता जित्ता हा. आमच्या माशांची पिल्लां थंयच वाढतत."

एवढंच. रागावले नाहीत. सुनेला सोलकढी आणायला सांगितली. पण मला ती सोलकढी काही गोड लागली नाही.

मग त्यांनीच हळूहळू सांगितलं. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा इथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध होता. आपलं पोट बंद होईल, ही भीती. आजही ती पूर्ण गेलेली नाही. "आमका सांगतत हंय जाळा टाकू नको, थंय टाकू नको," ते म्हणाले, "आणि पावण्यांका कोण सांगता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो पोरगा वाईट नव्हता, हेही सांगतो. पाहुणे फोटो मागतात, तो फोटो देतो. त्याचा हंगाम सात-आठ महिन्यांचा. मी पैसे मोजले होते ते फोटोचेच.

नागपूरला आल्यावर मी जरा वाचलं. प्रवाळ म्हणजे काही मिलिमीटरच्या असंख्य जिवांची वसाहत. ते पाण्यातून चुना घेऊन आपल्याभोवती घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. रंगही बहुतेक त्याचाच. पाणी एखाददोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं तर हे शैवाल बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी मरू शकतं. मालवणलाही असं घडलेलं आहे. मी ज्यावर उभा होतो तसे घुमट वर्षाला एखादा सेंटिमीटर वाढतात, कित्येकदा त्याहून कमी. म्हणजे जो घुमट माझ्या गुडघ्याएवढा होता, तो आपण या शाळेत पहिलीत आलो तेव्हाही तिथे असणार. आणि एक गोष्ट वाचून मी खुर्चीतच ताठ झालो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जसा वाघ आहे, तसं २००१ पासून प्रवाळही आहे.

वाघ म्हटलं की आपण नागपूरकर किती शहाणे, बघा. आपल्या पोरांनाही ठाऊक आहे की जिप्सीतून पाय खाली ठेवायचा नाही, आवाज करायचा नाही, प्राण्यांना काही खायला घालायचं नाही. मी स्वतः एकदा मोहर्लीच्या गेटजवळ वानरांना बिस्किटं टाकणाऱ्या मुंबईच्या पाहुण्याला चार शब्द सुनावले होते. "तुम्ही शहरातली माणसं, तुम्हाला जंगल कळत नाही," असं म्हणालो होतो. मालवणला मी ब्रेड टाकू दिला, पाय ठेवला, तुकडा मोडला. त्या मुंबईकराची मी आज या व्यासपीठावरून माफी मागतो.

माशांना ब्रेड घालण्याचंही तेच. खडकांवरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवणं हे यांतल्या कित्येक माशांचं काम. त्यांना आपण पावाची सवय लावतो आणि त्यांचं पोटही बिघडवतो.

म्हणून जानेवारीत येणाऱ्यांना माझी विनंती. होडी ठरवतानाच सांगा, आम्हाला प्रवाळावर उभं करू नका, नांगर त्यावर टाकू नका, ब्रेड नको. फोटो नाही आला तरी पैसे पूर्ण देऊ, हे आधी बोला. त्या पोरांची रोजी बुडता कामा नये. पोहता येत नसेल तर ट्यूब धरून तरंगत राहा, खाली पाय टाकू नका. शंख, पोवळं, काही उचलून आणू नका. आणि शक्य असेल तर घरगुती राहा, त्या आजोबांसारख्या एखाद्या माणसाजवळ बसा. बांगडा आणि सोलकढी जेवणात असतेच. सावजीची आठवण येणार नाही, असं मात्र मी म्हणत नाही.

आता शेवटचं, विज्ञानाच्या सरांसाठी. सर, आपल्या प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात एक पांढरा खडबडीत तुकडा होता, 'पोवळे' अशी चिठ्ठी लावलेला. आठवीत तुम्ही तो वर्गात फिरवला आणि विचारलंत, "सजीव की निर्जीव?" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "निर्जीव!" तुम्ही हसलात आणि म्हणालात, "घरी जाऊन विचार करा, उद्या सांगा." दुसऱ्या दिवशी कोणीच सांगितलं नाही. मी तर विचारही केला नव्हता. तो पांढरा तुकडा डोक्यात तसाच राहिला, आणि पाण्याखाली जिवंत प्रवाळ समोर आलं तेव्हा मला दगडच दिसला.

सर, उत्तराला चाळीस वर्षं उशीर झाला. कपाटातलं ते घर होतं, राहणारे गेलेले. मी पाय ठेवला त्या घरात राहणारे होते.

या स्मरणिकेसाठी संयोजकांनी माझा तो फोटो मागितला आहे. कृपा करून तो छापू नका. त्याऐवजी हे भाषण छापा.