गणिताचा तास, अर्थशास्त्राचा तास

१९०२ सालच्या मार्चमध्ये कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. सरकारी तिजोरीत शिल्लक पडत होती आणि देशाच्या भरभराटीची ती खूण मानली जात होती. गोखल्यांनी ती शिल्लक उलगडून दाखवली. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत मोठी रक्कम पौंडांत चुकवावी लागे. रुपया घसरून १३ पेन्सांवर आला, तेव्हा २४० पेन्सांच्या एका पौंडासाठी जवळजवळ साडेअठरा रुपये पडत. टांकसाळीत लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणं सरकारनं बंद केलं होतं. नाणं दुर्मिळ झालं, रुपया १६ पेन्सांवर चढला आणि तोच पौंड १५ रुपयांत मिळू लागला. पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. पडत्या काळात चढवलेले कर मात्र कायम राहिले. मिठावरचा कर १८८८ मध्ये मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता, तो तसाच चालू होता. म्हणजे तिजोरी भरली ती रयतेकडून गरजेपेक्षा जास्त वसूल करून. पुढच्या वर्षी, १९०३ मध्ये, मिठाचा कर पुन्हा दोन रुपयांवर आला.

फर्ग्युसन कॉलेजात गोखल्यांनी गणितही शिकवलं आणि अर्थशास्त्रही. अंकगणितावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक शाळाशाळांतून चाले. वरचा भागाकार शाळकरी मुलालाही येईल. पण कशाला कशानं भागायचं, हे कळायला नाण्याचा भाव आणि मिठाचा कर यांची नीट ओळख हवी.

त्याच काळात केंब्रिजमध्ये आल्फ्रेड मार्शल अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. रँगलर म्हटलं की आपल्याकडे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपेच आठवतात. ते १८९९ मध्ये सीनियर रँगलर झाले, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. त्यांच्याच सेंट जॉन्स कॉलेजातले मार्शल १८६५ मध्ये त्या परीक्षेत दुसरे आले होते. एवढं गणित हाताशी असूनही १८९० च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी समीकरणं परिशिष्टात ठेवली. १९०६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांना लिहिलेल्या पत्रात तर त्यांनी नियमच सांगितले: गणित लघुलिपीसारखं वापरावं, निष्कर्ष साध्या इंग्रजीत मांडावा, व्यवहारातली उदाहरणं द्यावीत आणि मग गणित जाळून टाकावं. यातला शेवटचा नियम विद्यापीठांनी मुळीच मानू नये. गणित जाळलं, तर चूक कुठे झाली हे दुसऱ्याला तपासताच येत नाही. मधले दोन नियम मात्र प्रत्येक वर्गात लावून ठेवावेत असे आहेत.

या दोन नियमांचं एक उदाहरण घ्या. पदवीच्या कलनात लाग्रांजची रीत शिकवतात. एखादी अट पाळून एखादी राशी जास्तीत जास्त किती होऊ शकते, ते त्या रीतीनं काढता येतं. तिच्यात लॅम्डा हे ग्रीक अक्षर येतं. गणिताच्या वर्गात ते बहुधा उत्तर काढण्यापुरतं येतं आणि मग बाजूला पडतं. अर्थशास्त्राच्या वर्गात तेच अक्षर बोलू लागतं: घरखर्चात आणखी एका रुपयाची भर पडली, तर घरच्यांचं समाधान साधारण किती वाढेल? कालव्याचं पाणी मोजकं असेल, तर आणखी एक घनमीटर पाण्यानं शेताचं उत्पन्न किती वाढेल? ऊस की ज्वारी या वादात नेमका हाच आकडा लागतो.

महाराष्ट्रात दहावीनंतर गणित सोडूनही बी.ए.ला अर्थशास्त्र घेता येतं. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीचं गणित लागतं. गणित सुटलेल्या आपल्या मुलांपुढे एम.ए.ला समीकरणं एकदम येऊन उभी राहतात आणि चांगली हुशार मुलंसुद्धा पाठांतराला लागतात. हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं मुख्य विषयाच्या जोडीला दुसऱ्या शाखेतला विषय घेण्याची वाट मोकळी केली आहे. मात्र कला शाखेतला अर्थशास्त्राचा तास आणि विज्ञान शाखेतला गणिताचा तास एकाच वेळी लागला, तर त्या सोयीचा काही उपयोग नाही. कॉलेजांनी वेळापत्रक लावतानाच एवढं पाहावं, आणि बी.ए.च्या मुलांना पहिल्याच सत्रात कलनाची ओळख करून द्यावी.