ओझं कुठे टेकवायचं?

(महासंघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पाच-सात मिनिटं दिली आहेत. विषय ऐकून काही जणी हसतील. मी आज डोंगर चढणाऱ्यांच्या सॅकबद्दल बोलणार आहे. आमचा आणि त्या सॅकचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध आहे, जरा ऐका.

मागच्या पावसाळ्यात मी गडाच्या पायथ्याला आपल्या गटाच्या खानावळीत बसले होते. शहरातली मुलं पिठलं-भाकरी खायला आली होती. एकाची सॅक वाटेतून बाजूला ठेवायला आपल्या एक मावशी गेल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे तर पोतं हाय! हे घेऊन गड चढतोस व्हय रे?" त्या मुलानं सॅक मावशींच्या पाठीवर चढवली आणि कमरेचा पट्टा आवळून दिला. मावशी चार पावलं चालल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "खांद्यावर काहीच वाटंना. समदं कमरेवर आलं. कळशीवानी!"

तो शब्द माझ्या डोक्यात बसला. घरी जाऊन मी त्या पट्ट्याची माहिती वाचली. तीच तुम्हाला सांगते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ग्लेंडेल नावाचं शहर आहे. तिथे डिक केल्टी नावाचे सुतारकाम करणारे गृहस्थ राहत होते. त्यांना डोंगरात फिरायची आवड. त्या काळी पाठीवरच्या ओझ्यासाठी लाकडी चौकट असायची, त्यावर जाड कापडाची पिशवी, आणि सगळा भार दोन खांद्यांवर. एकदा सिएरा नेवाडाच्या डोंगरात त्यांचे मित्र क्ले शर्मन यांनी चौकटीची खालची टोकं आपल्या पँटच्या मागच्या खिशांत खोचली. लगेच खांदे हलके झाले, वजन कमरेवर उतरलं. केल्टींनी ही गोष्ट मनावर घेतली आणि पुढे चौकटीला कमरेचा पट्टाच जोडला.

१९५२ साली ५०० डॉलर उसने घेऊन त्यांनी धंदा सुरू केला. डिक गॅरेजमध्ये अॅल्युमिनियमच्या चौकटी बनवायचे आणि त्यांच्या पत्नी नेना घरात मशीनवर पिशव्या शिवायच्या. पहिल्या वर्षी सॅक विकल्या गेल्या फक्त २९. एकीची किंमत २४ डॉलर. म्हणजे वर्षाची विक्री ६९६ डॉलर, त्यात ५०० कर्जाचे. आपल्या नवीन गटांच्या ताईंना हा हिशोब ओळखीचा वाटेल! पण अकरा वर्षांनी, १९६३ साली, अमेरिकेची तुकडी एव्हरेस्टवर गेली तेव्हा तिच्या सामानात केल्टींच्या सॅक होत्या.

आता यातलं साधं गणित बघा. ओझं खांद्यावर लटकलं की ते मागे ओढतं, म्हणून आपण पुढे वाकतो. मान आखडते, खांद्याला रग लागते. कमरेचं हाड मोठं आणि मजबूत. त्यावर टेकलेलं वजन सरळ पायांवर जातं. मात्र पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावरच बसला पाहिजे. आणि पाठीला ताठ आधार हवा, नाहीतर मऊ पिशवीला नुसता पट्टा लावून उपयोग नाही, पिशवी खाली लोंबतच राहते. जड वस्तू पाठीला चिकटून भरायच्या, हलक्या बाहेरच्या बाजूला.

हे तुम्हाला नवीन आहे का? कळशी कमरेवर घ्यायला आपल्याला कुणी शिकवलं नाही. हंड्याखाली चुंबळ ठेवायची, म्हणजे भार टाळूवर एका जागी टोचत नाही, ही अक्कल कुणाची? तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही. पण ओझं उचलणाऱ्या बाईचीच असणार, एवढं नक्की.

आता आपल्या घरची गोष्ट. सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगते. गेल्या वर्षी आपल्या शिवण गटानं शाळेच्या मुलांसाठी ४० दप्तरं शिवली. त्यातली ११ महिनाभरात परत आली. पट्टे उसवले होते. ताईंनी रात्री जागून ती फुकट दुरुस्त करून दिली. चूक एकट्या त्यांची नव्हती. ऑर्डर मी आणली, नमुना मी दिला, आणि तो नमुना भरून पाठीवर घेऊन बघायचं माझ्याही डोक्यात आलं नाही. आम्ही रंग बघितला, चेन बघितली. वजन मुलांनी उचललं.

म्हणून या वर्षी तीन गोष्टी करू या.

एक, नवीन नमुना आला की तो पुस्तकांनी भरायचा आणि गटातल्या कुणीतरी घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत पाठीवर न्यायचा. कुठे टोचलं, कुठे ओढलं, ते वहीत लिहायचं. मुलांनाही विचारायचं.

दोन, पट्ट्याच्या टोकाला एक सरळ टीप मारून थांबायचं नाही. टोक शिवणीच्या आत घ्यायचं, वर चौकोनी टीप मारायची आणि त्यात फुली. सगळा ताण तिथेच येतो. खांद्यावरचा पट्टा रुंद ठेवायचा आणि आत फोम घालायचा.

तीन, बदल कुणी सुचवला त्या ताईचं नाव गटाच्या रजिस्टरमध्ये लिहायचं. डिक केल्टींचं नाव सगळे घेतात. पिशव्या शिवणाऱ्या नेनांचं नाव शोधायला मला जास्त वेळ लागला. आपल्याकडे तसं व्हायला नको.

मावशींनी चार पावलं चालून जे ओळखलं, ते मी कॉलेजात शिकून ओळखलं नव्हतं. तेव्हा पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घरची एक फाटकी पिशवी घेऊन या. ती कुठे फाटली, तिथूनच सुरुवात करू.