शाळेभोवतीच्या कीटकांची नोंदवही
(केंद्रातील शिक्षक-संमेलनात दिलेले व्याख्यान)



परिसर अभ्यासाच्या तासाला आपण मुलांना झाडे व पक्षी दाखवितो. परंतु पायवाटेवरील मुंगीकडे किंवा कुंपणावरील फुलपाखराकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वास्तविक ज्ञात प्राणिजातींपैकी निम्म्याहून अधिक जाती एकट्या कीटकांच्या आहेत. फुलांचे परागीभवन, पालापाचोळ्याचे विघटन, पक्ष्यांच्या पिलांचे पोषण ही कामे बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून असतात. हे धन वाढत आहे की घटत आहे, हे मोजल्यावाचून कळणार नाही.

जर्मनीतील क्रेफेल्ड या शहरी १९०५ साली स्थापन झालेले एक कीटक-अभ्यास मंडळ आहे. त्याचे अनेक सभासद हौसेने हे काम करणारे. त्यांनी १९८९ ते २०१६ या काळात ६३ संरक्षित क्षेत्रांत तंबूसारखे जाळीचे सापळे लावले. अशा तंबूत शिरलेला कीटक वर चढत जातो आणि टोकाशी बसविलेल्या बाटलीत पडतो. सापळ्यांची बनावट व वजन करण्याची रीत या मंडळींनी कधी बदलली नाही. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन २७ वर्षांत ७६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. जुन्या नोंदी नसत्या, तर ही हानी झाली असे सिद्धही करता आले नसते.

आपणांस सापळे नकोत, कीटक मारावयासही नकोत. ब्रिटनमध्ये १९७६ पासून फुलपाखरांची गणना केवळ चालत चालत केली जाते. ठरलेल्या वाटेने, अनुकूल हवामानात, दर आठवड्यास निरीक्षक जातो आणि आपल्यापुढील पाच मीटरांच्या टापूत दिसतील तेवढीच फुलपाखरे मोजतो. ही रीत आपल्या शाळेस सहज साधण्यासारखी आहे.

माझ्या वर्गाने शाळेच्या फाटकापासून विहिरीपर्यंत अशी वाट ठरविली होती. एप्रिलातील एका सोमवारी चौथीतील एका मुलाने वहीत ‘एकही नाही’ असे लिहून आणले. तपासणी जवळ आली होती. रिकामी नोंद शोभणार नाही असे वाटून मी त्यास ‘नीट पाहून ये’ म्हणून परत पाठविले. पाच मिनिटांत तो आला. वहीत ‘तीन’ असा आकडा होता. त्याच्या खाली वळलेल्या नजरेवरून मी ओळखले, की त्याने फुलपाखरे पाहिलेली नाहीत, मला हवे होते ते लिहिले आहे. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर चूक माझी असल्याचे सांगून मी तो आकडा खोडला व तेथे शून्य लिहिले. क्रेफेल्डच्या मंडळींनी हलक्या भरलेल्या बाटल्यांचे वजन असेच फुगवून लिहिले असते, तर त्यांच्या २७ वर्षांच्या श्रमांचे काय झाले असते?

म्हणून माझी विनंती अशी. वाट, वार व वेळ एकदा ठरवावी आणि ती मोडू नये. तारीख, ऊन, वारा व पाऊस यांची नोंद करावी. जातीचे नाव न कळल्यास रंग व आकार लिहावा, नाव कल्पनेने घालू नये. सहा पायांचे कीटक, आठ पायांचे कोळी व विंचू, आणि त्याहून अधिक पायांच्या गोमा व वाणी असे तीन रकाने लहान मुलांसही भरता येतात. मात्र दगड उलथणे, बिळात हात घालणे, गांधीलमाश्यांच्या पोळ्याजवळ जाणे यांस सक्त मनाई असावी.

वही भरली म्हणजे ती रद्दीत न घालता शाळेच्या दप्तरी जपावी. आपली बदली होईल, मुले मोठी होतील. पुढे कोणी शिक्षक ती उघडून त्याच वाटेने विहिरीपर्यंत चालत जाईल, तेव्हा आपल्या मुलांनी लिहिलेल्या प्रत्येक आकड्यावर, शून्यावरदेखील, त्यास विश्वास ठेवता यावा, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.