मूतखडा व शरीराचें आरोग्य
(ज्युबिलीनिमित्त दिलेलें व्याख्यान)



मूतखड्याचा विकार फार पुरातन आहे. सुश्रुतसंहितेंत ‘अश्मरी’ या नांवानें त्याचें वर्णन व त्यावरील शस्त्रक्रिया दिलेली आहे. तथापि कळ थांबली म्हणजे रोग गेला, असें मानण्याची आपली रीत अद्यापि सुटलेली नाहीं. ती रीत घातक कां, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आपलीं मूत्रपिंडें दररोज सुमारें १८० लिटर द्रव रक्तांतून गाळतात. पैकीं बहुतेक सर्व पुनः शोषला जातो व एक ते दोन लिटर मूत्र बाहेर पडतें. पेल्यांतील पाण्यांत साखर घालीत गेल्यास अखेर ती विरघळेनाशी होऊन तळाशीं बसते. मूत्राचेंही तसेंच आहे. पाणी कमी व क्षार अधिक झाले, कीं त्यांचे स्फटिक बनतात व एकमेकांस चिकटून वाढतात. १९३७ सालीं अमेरिकन शल्यवैद्य अलेक्झांडर रँडल यांनीं दाखविलें कीं, पुष्कळदां मूत्रपिंडाच्या अंतर्भागीं प्रथम कॅल्शियमचा बारीक थर बसतो व त्याच्या आधारानें खडा वाढतो.

पांचांपैकीं सुमारें चार खडे कॅल्शियमचे, व त्यांतही बहुतेक ऑक्झलेटयुक्त असतात. कांहीं यूरिक आम्लाचे असतात. ते वातरक्त, मधुमेह व स्थूलता असणारांस विशेष होतात. कांहीं मूत्रमार्गांतील जंतुदोषानें होतात. म्हणून खडा हा केवळ मूत्रपिंडाचा दोष नसून सर्व शरीराच्या स्थितीची सूचना आहे. खडे होणारांत रक्तदाब, मधुमेह व हाडांची दुर्बलता हीं अधिक आढळतात. क्वचित् गळ्यांतील पॅराथायरॉइड ग्रंथींचा विकारही मूळ कारण असतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. खड्यांत कॅल्शियम सांपडतें, म्हणून पुष्कळ लोक दूध सोडतात. इटलींत वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पांच वर्षें प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २००२ सालीं प्रसिद्ध झाला. कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकीं २३ जणांस पुनः खडा झाला. नेहमींइतकें कॅल्शियम घेऊन मीठ व मांस कमी केलेल्या ६० जणांपैकीं केवळ १२ जणांस झाला. कारण असें कीं, अन्नांतील कॅल्शियम आंतड्यांतच ऑक्झलेटास बांधून ठेवतें. मीठ मात्र मूत्रांतील कॅल्शियम वाढवितें. म्हणून लोणचीं, पापड व खारे मासे बेतानें खावेत.

सर्वांत स्वस्त औषध पाणी होय. ज्यांस खडा होऊन गेला आहे, त्यांनीं दिवसाकाठीं अडीच लिटर मूत्र होईल इतकें पाणी प्यावें. उन्हांत राबणारानें त्याहून अधिक प्यावें. लिंबाच्या रसांतील सायट्रेट स्फटिकांस आळा घालतें. हृदयरोग्यांनीं व ज्यांचीं मूत्रपिंडें दुर्बल आहेत त्यांनीं मात्र पाण्याचें प्रमाण डॉक्टरांस विचारावें.

आतां शेवटची व महत्त्वाची गोष्ट. कळेबरोबर ताप व थंडी आल्यास, किंवा लघवी बंद झाल्यास, काढे घेत घरीं बसूं नये. तत्काळ इस्पितळ गांठावें. आणि कळ थांबली तरी खडा पडला कीं नाहीं याची तपासणी अवश्य करावी. अडकलेला खडा वेदना न देतांही मूत्रपिंड निकामी करूं शकतो. पडलेला खडा टाकून न देतां परीक्षेस द्यावा. तो कशाचा बनला आहे हें कळल्यावांचून पुढचा खडा टाळण्याचा योग्य उपाय सांपडत नाहीं.