चोपण जमीन आणि आपले रक्त

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आज दुसरे बोलतील. आम्ही बोलणार आहोत मिठावर.

सोडियम म्हटले की आपल्याला चोपण जमीन आठवते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या शेतकऱ्याला विचारा. सोडियम वाढले की माती फुगते, पाणी मुरत नाही. शेतकी कॉलेजात आम्हीही एवढेच शिकलो. पण ज्वारीचे, कपाशीचे सोडियमवाचून भागते. बैलाचे आणि माणसाचे भागत नाही. कडब्यात पोटॅश भरपूर, सोडियम नावाला. म्हणून तर बैलाच्या ढेपेत आपण मीठ टाकतो.

माणसाचे काय होते, ते आमच्याच घरातले सांगतो. वडिलांचे वय चौऱ्याहत्तर. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. वैशाखाचे ऊन, म्हणून आम्हीच सांगितले, मीठ सोडा आणि पाणी भरपूर प्या. त्यांनी दोन्ही ऐकले. आठवडाभरात पोटऱ्यांना गोळे येऊ लागले, पाय अडखळू लागले, भाकरी नकोशी झाली. ऊन लागले समजून आम्ही आणखी पाणी पाजले. मग एका सकाळी ते दावणीच्या बैलाला दहा वर्षांपूर्वी विकलेल्या बैलाच्या नावाने हाका मारू लागले. शेजारी म्हणाले, बाहेरची बाधा. दवाखान्यात रक्त तपासले तर सोडियम ११६. निरोगी माणसाचे १३५ ते १४५ असते.

असे का होते? मज्जातंतू, म्हणजे आपण ज्याला नस म्हणतो, ती तार समजा. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. पेशीच्या पडद्यात एक पंप रात्रंदिवस चालतो. तीन सोडियम बाहेर फेकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी तो १९५७ मध्ये शोधला, १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मेंदूचा हुकूम सुटला की पडद्यातली दारे उघडतात, सोडियम आत घुसते, निरोप पुढे सरकतो आणि स्नायू आवळतो. औत धरणारा हात आणि कापूस वेचणारी बोटे ह्यावरच चालतात.

रक्तातले सोडियम उतरले की स्नायूंना गोळे येतात, अंगातले बळ जाते. त्याहून मोठे संकट पाण्याचे. पाणी खारट बाजूकडे ओढले जाते. रक्त पातळ झाले की ते पेशीत शिरते, पेशी फुगते. मेंदू कवटीत बंद, त्याला फुगायला जागा नाही. मग डोके दुखते, मळमळते, भ्रम होतो, झटके येतात. माती सोडियम वाढल्याने फुगते, मेंदू ते घटल्याने!

मग भसाभस मीठ पाजावे का? मुळीच नाही. हळूहळू उतरलेले सोडियम हळूहळूच चढवावे लागते. घाई केली तर मेंदूतल्या तंतूंवरचे आवरण वायरीवरच्या प्लॅस्टिकसारखे सोलून निघते आणि माणूस कायमचा अपंग होऊ शकतो. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा रक्त तपासत दिवसाला आठाच्या आतच आकडा चढवला. पाचव्या दिवशी वडिलांनी बैलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली.

आता करायचे काय? उन्हात राबताना तहानेप्रमाणे पाणी प्या, पण नुसत्या पाण्यावर दिवस काढू नका. सोबत मीठ घातलेले ताक, भाकरी-चटणी असू द्या. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस द्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यांचा रोगी असेल तर मीठ वाढवणे किंवा गोळी बंद करणे डॉक्टरांना विचारूनच.

फवारणीनंतर लाळ गळत असेल, बाहुल्या बारीक झाल्या असतील, स्नायू फडफडत असतील, तर ती विषबाधा समजा. २०१७ साली यवतमाळने काय भोगले ते आठवा. औषधाचा डबा घेऊन थेट दवाखाना गाठा.

भ्रम झाला, झटका आला, तरी देवऋषी नको, दवाखाना. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. आणि डॉक्टरांना विचारा, "सोडियम तपासले का?"

मातीचा आकडा आपण विचारतो, तसा बापाच्या रक्ताचाही विचारला पाहिजे. ही तपासणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात त्याच दिवशी मिळावी, ही मागणी आजच्या ठरावात घाला, एवढीच आमची सूचना.